दाते तेवढेच, तरी गिअर बसत का नाही?

वाचकांचे प्रश्न : रिमोट कंट्रोल गाड्या

या वेळची बहुतेक पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात : हातातला गिअर ओळखायचा कसा आणि त्याच्या जोडीला कोणता घ्यायचा. उत्तरांत आकडेमोड आहे, पण ती एका ओळीची आहे आणि चुकीचे पार्सल टाळणारी आहे. मोटरच्या शाफ्टवर बसतो तो लहान गिअर म्हणजे पिनियन आणि पिनियन ज्याला फिरवते तो मोठा गिअर म्हणजे स्पर, एवढे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

प्रश्न : माझ्याकडे तामिया कंपनीची टीटी-०२ ही गाडी आहे. मूळचे २२ दात्यांचे पिनियन झिजले म्हणून ऑनलाइन २२ दात्यांचेच दुसरे मागवले. ‘५४० मोटरसाठी, बोअर ३.१७’ असे लिहिले होते (५४० हे मोटरचे माप, बोअर म्हणजे पिनियनच्या भोकाचा व्यास मि.मी.मध्ये). शाफ्टवर नीट बसले, पण गाडी जागची हलेना, मोटर नुसती घोंगावत राहिली. उघडले तर स्परच्या दात्यांची टोके खरवडलेली आणि सगळीकडे प्लॅस्टिकचा चुरा. दाते तर तेवढेच आहेत. चुकले काय? (नाशिक)

उत्तर : दात्यांची संख्या जुळली, दात्याचे माप जुळले नाही. टीटी-०२ चे पिनियन आणि स्पर ०.६ मॉड्यूलचे असतात. तुमच्या वर्णनावरून आलेले पिनियन ४८ डीपीचे असावे, कारण ५४० मोटरसाठी बाजारात सर्वात जास्त तेच मिळते.

मॉड्यूल म्हणजे एका दात्याच्या वाट्याला व्यासाचे किती मि.मी. येतात तो आकडा. २२ दाते गुणिले ०.६ म्हणजे १३.२ मि.मी. हा व्यास दात्यांच्या टोकांचा नव्हे, दोन गिअर एकमेकांवर जिथे लोळतात त्या मानलेल्या वर्तुळाचा. टोकांपर्यंतचा बाहेरचा व्यास हवा असेल तर दात्यांच्या संख्येत २ मिळवून मॉड्यूलने गुणायचे : २४ गुणिले ०.६ म्हणजे १४.४ मि.मी.

डीपी, म्हणजे डायमेट्रल पिच, ही इंचातली पद्धत. एक इंच व्यासात किती दाते मावतात ते ती सांगते. म्हणून मॉड्यूल वाढले की दाता मोठा होतो आणि डीपी वाढला की लहान. २५.४ ला डीपीने भागले की मॉड्यूल मिळते. ४८ डीपीचे मॉड्यूल ०.५२९ येते आणि त्यातल्या २२ दात्यांच्या पिनियनचा बाहेरचा व्यास १२.७ मि.मी.

आता तुमच्या गाडीत काय झाले ते पाहा. टीटी-०२ मध्ये मोटर हवी तशी पुढे-मागे सरकत नाही. प्रत्येक पिनियनसाठी जागा ठरलेली असते आणि मॅन्युअलमध्ये ती दाखवलेली असते. ७० दात्यांचा स्पर आणि २२ चे पिनियन यांच्या केंद्रांमधले अंतर ०.६ गुणिले ९२ भागिले २, म्हणजे २७.६ मि.मी. त्या जागी ०.६ चे दाते एकमेकांत १.२ मि.मी. शिरतात. नवे पिनियन त्रिज्येने ०.८५ मि.मी. लहान, म्हणून टोकाला टोक जेमतेम ०.३५ मि.मी. लागत होते. एवढ्याशा पकडीवर गाडीचे वजन ओढायला गेल्यावर पोलादाने प्लॅस्टिक तासले.

मोटर जवळ आणता आली असती तरी ही जोडी चालली नसती. ०.६ मध्ये एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचे अंतर १.८८५ मि.मी. असते, ४८ डीपीत १.६६२. पहिला दाता खाचेत बसतो तोच दुसरा समोरच्या दात्याच्या डोक्यावर आपटतो.

टोके गेलेला स्पर पुन्हा वापरू नका. ७० दात्यांचा नवा स्पर आणि पाकिटावर ‘०.६ मॉड्यूल’ स्पष्ट छापलेले पिनियन असे दोन्ही एकदम घ्या. ‘५४० मोटरसाठी’ हे शब्द फक्त भोकाबद्दल बोलतात, दात्यांबद्दल काहीच सांगत नाहीत.

प्रश्न : जुनी चिनी गाडी घेतली आहे. मॅन्युअल नाही, गिअरवर एकही आकडा नाही. पिनियनला १५ दाते आहेत, व्हर्निअरवर व्यास १३.४५ मि.मी. भरतो. स्परला ३८ दाते, व्यास ३१.९५. दात्यांत २ मिळवून व्यासाला भागले तर पिनियनचे ०.७९१ येते आणि स्परचे ०.७९९. दोन्ही एकमेकांबरोबर चालत होते, मग आकडे वेगळे कसे? पिनियन ३२ डीपी आणि स्पर ०.८ असे असेल का? (कोल्हापूर)

उत्तर : मोजले बरोबर आहे, पण १५ ही विषम संख्या आहे आणि गोम तिथेच आहे.

स्परला ३८ दाते, म्हणजे एका दात्याच्या बरोबर समोर दुसरा दाता येतो आणि व्हर्निअर टोक ते टोक खरा व्यास दाखवतो. १५ दात्यांत एका दात्याच्या समोर खाच येते. व्हर्निअरचा एक जबडा एका टोकावर टेकतो आणि दुसरा समोरच्या दोन टोकांवर आडवा बसतो, म्हणून माप कमी भरते. १५ दात्यांना ही तूट सुमारे १.१ टक्के असते. खरा व्यास १३.६ असला तरी व्हर्निअर १३.४५ दाखवतो, आणि १३.६ भागिले १७ म्हणजे नेमके ०.८. दोन्ही गिअर ०.८ मॉड्यूलचेच आहेत.

दाते जितके कमी तितकी ही तूट मोठी : ११ दात्यांना सुमारे २ टक्के, १३ ना दीड, १७ ना ०.८५. २१ च्या पुढे ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते आणि मग फारशी फसवत नाही. पण ०.८ आणि ३२ डीपी यांच्यातला फरकच मुळी एका टक्क्याच्या आत आहे, त्यामुळे विषम दात्यांचे लहान पिनियन मोजून त्या दोघांत निवाडा करता येत नाही. मोजायचा तो स्पर, आणि तोही सम दात्यांचा असेल तर उत्तम.

मोजण्याची रीत अशी ठेवा. गिअर सुक्या ब्रशने साफ करा. एका दात्यावर मार्करने ठिपका द्या आणि तिथून दाते मोजा. मोठा गिअर असेल तर दर दहाव्या दात्यावर ठिपका द्या, मोजणी चुकत नाही. व्हर्निअर तीन वेगवेगळ्या ठिकाणी लावा आणि सर्वात मोठे माप धरा, कारण झिजलेले टोक नेहमी कमीच दाखवते. प्लॅस्टिकच्या स्परवर जबडा दाबू नका, नुसता टेकवा. मग व्यास भागिले (दाते अधिक २). जे येईल ते या मापांशी ताडून पाहा :

०.३९७ – ६४ डीपी
०.४ – ०.४ मॉड्यूल
०.५ – ०.५ मॉड्यूल
०.५२९ – ४८ डीपी
०.६ – ०.६ मॉड्यूल
०.७ – ०.७ मॉड्यूल
०.७९४ – ३२ डीपी
०.८ – ०.८ मॉड्यूल
१.० – १ मॉड्यूल

ढोबळ मानाने ६४ डीपी आणि ०.४ हे बारीक दाते शर्यतीच्या ऑन-रोड गाड्यांत, ४८ डीपी १/१० मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या, बग्गी-ट्रकमध्ये, ०.६ तामियाच्या बऱ्याच चॅसिसमध्ये, ३२ डीपी आणि ०.८ दणकट ट्रकमध्ये आणि १ मॉड्यूल १/८ च्या जड गाड्यांत दिसते. हा अंदाज आहे, त्यावर ऑर्डर देऊ नका. फार कमी दात्यांची पिनियन कापताना दात्याचे मूळ पोखरले जाऊ नये म्हणून दाता मुद्दाम थोडा बाहेर सरकवतात, त्यामुळे सूत्रापेक्षा व्यास जास्तही भरू शकतो. त्याही कारणाने भरवसा स्परच्या मापावरच ठेवावा.

प्रश्न : स्परवर ०.८ मॉड्यूल लिहिले आहे, दुकानात ३२ डीपीचे पिनियन आहे. चालेल का? आणि याच न्यायाने ०.५ वर ४८ डीपी? (ठाणे)

उत्तर : पहिली जोडी चालेल, दुसरी नाही.

०.८ मध्ये दाता ते दाता अंतर २.५१३ मि.मी. आणि ३२ डीपीत २.४९४. फरक ०.०२ मि.मी. हा फरक स्परच्या सगळ्या दात्यांत साठत जाऊन कुठेतरी अडकेल अशी भीती वाटते, पण तसे होत नाही. एका वेळी एक-दोनच दाते एकमेकांत असतात आणि ते सुटले की हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ट्रॅक्ससच्या स्लॅश ४x४ च्या ५४ दात्यांच्या स्परवर तर ०.८ मॉड्यूल, ३२ पिचशी जुळणारा असे कंपनीच सांगते. मेश, म्हणजे दोन गिअरांच्या दात्यांची एकमेकांतली पकड, लावताना खेळ (दात्यांमधली मोकळीक) किंचित जास्त ठेवा, बस. ६४ डीपी आणि ०.४ यांचेही असेच आहे, फक्त तिथले दाते इतके बारीक असतात की शर्यतीच्या गाडीत दोन्ही एकाच मापाचे घ्यावेत.

०.५ आणि ४८ डीपीत मात्र जवळजवळ ६ टक्क्यांचा फरक आहे. हातात धरून फिरवले तर ती जोडी फिरते, आणि इथेच माणूस फसतो. मोटरच्या वेगाला ती किंचाळते आणि स्पर खाते.

प्रश्न : स्लॅश टूडब्ल्यूडी आहे, ४८ डीपीचा ८६ दात्यांचा स्पर. मेश कागदाने लावतात हे माहीत आहे, तसेच लावले. तरी दोन बॅटऱ्यांत स्परचे पाच-सहा दाते एकाच ठिकाणी साफ गेले, बाकीचे जसेच्या तसे. असे एकाच जागी का व्हावे? (पुणे)

उत्तर : एकाच जागचे दाते गेले याचा अर्थ स्पर फिरत असताना एकाच जागी अडकला होता आणि पिनियन त्याच्यावर घसरत राहिले. आधी त्याचे कारण शोधा. मोटरचे स्क्रू सैल होऊन मोटर मागे सरकली का, पिनियनला शाफ्टवर धरून ठेवणारा बारीक ग्रब स्क्रू सुटला का, दात्यात खडा आला का. तिन्ही ठीक असतील तर स्लिपर क्लच पाहा. तो नको तितका आवळला की उडी मारून उतरतानाचा सगळा झटका दात्यांवर येतो. क्लचचे काम घसरून तो झटका गिळण्याचे आहे. गाडी दाबून धरून थ्रॉटल दिल्यावर क्लच थोडा घसरला पाहिजे. नेमका किती, ते मॅन्युअलप्रमाणे लावा.

आता कागदाबद्दल. पद्धत बरोबर आहे, पण ती एकाच ठिकाणी लावून सोडून देतात ही चूक सर्रास होते. साच्यातून निघालेला स्पर पूर्ण गोल नसतो आणि त्याचे भोकही अगदी मध्यावर नसते. एका ठिकाणी खेळ बरोबर असतो आणि अर्धा फेरा पुढे तो संपतो.

मोटरचे दोन्ही स्क्रू एवढेच सैल करा की मोटर बोटाच्या दाबाने सरकेल. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी पिनियन आणि स्परमध्ये घालून चाक हाताने फिरवा, पट्टी आत ओढली जाईल. मोटर स्परवर दाबून धरा, स्क्रू आवळा, पट्टी उलटी फिरवून काढा. पट्टीवर दात्यांच्या स्वच्छ घड्या दिसल्या पाहिजेत. कागद फाटला असेल तर मेश घट्ट, घड्या अस्पष्ट असतील तर ढिला. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात : पिनियन एका बोटाने धरून स्पर हलवून पाहा. किंचित टिकटिक जाणवली पाहिजे, पण नुसता डोळ्यांना दिसेल एवढा खेळ नको. स्पर पाव फेरा पुढे नेऊन पुन्हा पाहा, असे चार ठिकाणी. जिथे सर्वात घट्ट लागते ती जागा धरून मेश लावायचा. मग बाकीच्या ठिकाणी तो आपोआप थोडा ढिला राहील, आणि तेच हवे आहे.

आवाजानेही कळते. मेश घट्ट असेल तर चढत्या पट्टीतली शीळ येते आणि मोटर लवकर तापते. ढिला असेल तर थ्रॉटल सोडताना खडखड होते. घट्ट मेश बेअरिंग आणि मोटर खातो, ढिला स्पर खातो. स्पर त्यातल्या त्यात स्वस्त, म्हणून शंका असेल तेव्हा आम्ही केसभर ढिल्याच्या बाजूने जायला सांगतो.

मोटर धातूच्या प्लेटवर असते, तेव्हा तिच्या स्क्रूंना निळे, मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक (स्क्रू आपोआप सुटू न देणारा चिकट द्रव) लावा. लाल लावू नका, पुढच्या वेळी स्क्रू निघणार नाही. प्लॅस्टिकजवळ थ्रेडलॉक सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

प्रश्न : टीटी-०२ मध्ये ३३०० केव्हीची ब्रशलेस मोटर आणि २एस लायपो बसवली आहे. २२ चे पिनियन आहे, वेग अजून हवा. थेट सर्वात मोठे पिनियन टाकले तर? (सोलापूर)

उत्तर : आधी आत्ताचा वेग काढू. टीटी-०२ मध्ये स्परच्या पुढे, डिफरन्शियलपर्यंतचे अंतर्गत गुणोत्तर २.६ आहे. ७० भागिले २२ गुणिले २.६ म्हणजे ८.२७. याचा अर्थ मोटरचे ८.२७ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. टायरचा व्यास ६४ मि.मी. धरला तर घेर २०१ मि.मी. आणि मोटरच्या एका फेऱ्यात गाडी २४.३ मि.मी. पुढे जाते. केव्ही म्हणजे दर व्होल्टला मोटरचे मिनिटाला होणारे फेरे, आणि २एस लायपो बॅटरी ७.४ व्होल्टची, म्हणून ३३०० गुणिले ७.४ म्हणजे मिनिटाला २४,४२० फेरे. हिशेबाने ताशी ३५.६ कि.मी. रस्त्यावर यापेक्षा कमीच मिळेल, कारण भाराखाली मोटर एवढे फेरे घेत नाही.

२४ चे पिनियन टाकले तर गुणोत्तर ७.५८ होते आणि हिशेबाचा वेग ३८.८. वाढ ९ टक्के. पण मोटरला चाक फिरवायला मिळणारा फायदा तेवढाच घटतो, ती जास्त करंट ओढते, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. सोलापुरात उन्हाळ्यात बाहेरच ४२ अंश असतात, म्हणजे मोटर तापायला सुरुवातच तिथून होते. जानेवारीत चाललेले पिनियन मे महिन्यात मोटर जाळू शकते. उन्हाळ्यासाठी एक-दोन दाते कमी असलेले पिनियन वेगळे ठेवा.

एका वेळी एकच दाता वाढवा. २३ टाका, तीन मिनिटे चालवा, थांबवा, मोटरच्या बाहेरच्या डब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर लावा. ७५ अंशांच्या आत असेल तर आणखी तीन मिनिटे. पूर्ण बॅटरी चालवून ८० च्या आत राहिली तर पुढचा दाता. थर्मामीटर नसेल तर बोटाने अंदाज घेता येतो, पण सांभाळून : तीन-चार सेकंद बोट ठेववत नसेल तर मोटर जास्त तापली असे समजा आणि थांबा. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, तोही बघा, पुष्कळदा मोटरच्या आधी तोच थकतो.

आणखी मोठी उडी हवी असेल तर टीटी-०२ साठी ६८ दात्यांचा स्पर मिळतो. कोणत्या स्परबरोबर कोणते पिनियन, मोटर कोणत्या जागी, याचा तक्ता मॅन्युअलमध्ये आहे, तो सोडून जोडी लावू नका. दोन्हींच्या दात्यांच्या बेरजेत एकाने फरक पडला की केंद्रांमधले अंतर ०.३ मि.मी.ने बदलते. ७० अधिक २२ आणि ६८ अधिक २४ दोन्हींची बेरीज ९२ आहे, म्हणून त्यांचे अंतर सारखेच, २७.६.

प्रश्न : किनाऱ्यावर वाळूत गाडी चालवतो. ॲल्युमिनियमचे पिनियन दर दोन-तीन महिन्यांनी टोकदार होते. ग्रीस लावले तर वाढेल का आयुष्य? (मालवण)

उत्तर : उघड्या पिनियन-स्परला ग्रीस लावू नका. वाळू ग्रीसमध्ये रुतते आणि दात्यांमध्ये पॉलिशची पेस्ट तयार होते. वाळूचा कण ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण असतो. पिनियनवरचा रंगीत थर आधी जातो, खालचा मऊ धातू करड्या भुकटीच्या रूपात निघतो, आणि दाता एका बाजूने कोरला जाऊन करवतीसारखा वाकडा दिसू लागतो. असे पिनियन नव्या स्परला आठवड्यात आपल्यासारखे करते, म्हणून दोन्ही एकदम बदला.

कठीण केलेल्या पोलादाचे पिनियन घ्या आणि स्पर प्लॅस्टिकचाच राहू द्या. धातूचा स्पर टाकला की झटका पुढे गिअरबॉक्सच्या गिअरवर जातो, आणि ते स्परपेक्षा महाग पडतात. गिअरवरचे कव्हर नीट बसते का, त्याचे रबरी बूच जागेवर आहे का ते पाहा. बहुतेक वाळू तिथूनच शिरते. पोलादाला खारा वारा लागतो, तेव्हा घरी आल्यावर जुन्या टूथब्रशने दाते झाडा. खारे पाणी उडाले असेल तर गोड्या पाण्याने पुसून कोरडे करा आणि तेलाचा थेंब बेअरिंगमध्ये घाला, दात्यांवर नको.

प्रश्न : १ मॉड्यूलचे पिनियन आहे, भोक ५ मि.मी. मोटरचा शाफ्ट ३.१७. लेथवाल्याकडून बुश (भोक लहान करणारी आतली नळी) करून घेऊ का? (नागपूर)

उत्तर : ३.१७५ म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या भाषेत बरोबर एक सूत. लेथवाल्याला तेवढे सांगितले तरी पुरते. पण ३.१७ ते ५ ची तयार स्लीव्ह स्वस्त मिळते आणि ती चिरलेली असते, हे महत्त्वाचे. ती चीर ग्रब स्क्रूखाली आणायची, म्हणजे स्क्रू चिरेतून थेट शाफ्टच्या सपाट भागावर बसतो. अखंड बुशवर स्क्रू आवळला तर तो बुशला धरतो आणि शाफ्ट आत फिरत राहतो. एम३ ग्रब स्क्रूला १.५ ची ॲलन की लागते, एम४ ला २ ची. गोल झालेल्या कीने ग्रब स्क्रूचे खोबण खराब होते, म्हणून की चांगली घ्या. थ्रेडलॉकने अडकलेला स्क्रू निघत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचे टोक अर्धा मिनिट स्क्रूवर धरा, मग फिरवा.

एक प्रश्न मात्र स्वतःला विचारा. ज्या मोटरचा शाफ्ट ३.१७ आहे ती १ मॉड्यूलच्या जड गाडीला पुरेशी आहे का? १/८ च्या मोटरींना ५ चा शाफ्ट उगाच दिलेला नसतो.

प्रश्न : स्पर इतका वितळला आहे की दाते मोजताच येत नाहीत. पिनियन शाबूत आहे, १५ दाते, ०.८. मोटरची जागा पक्की आहे, सरकत नाही. स्पर किती दात्यांचा मागवू? (रत्नागिरी)

उत्तर : मोटरची जागा पक्की आहे म्हणून हे काढता येते. पिनियन आणि स्पर दोन्ही उतरवा. मोटरचा शाफ्ट आणि स्परचा शाफ्ट यांच्या बाहेरच्या कडा व्हर्निअरमध्ये धरा. समजा ३१.७ आले. मोटरचा शाफ्ट ३.१७ आणि स्परचा ५ असेल तर दोन्हींचा अर्धा-अर्धा व्यास, म्हणजे साधारण ४.१, वजा करा. २७.६ उरले. त्याची दुप्पट भागिले ०.८ म्हणजे ६९. त्यातून पिनियनचे १५ गेले, स्पर ५४ दात्यांचा.

उत्तर पूर्णांकाच्या थोडे वर आले तर खालचा पूर्णांक धरा, कारण कंपन्या खेळासाठी अंतर किंचित जास्त ठेवतात. आणि मागवण्यापूर्वी वितळलेल्या स्परचा मधला भाग जपून ठेवा. मधले भोक, स्क्रूच्या भोकांची मांडणी आणि जाडी त्यावरूनच कळेल. दाते आणि मॉड्यूल जुळूनही स्पर हबवर बसला नाही तर उपयोग शून्य.

प्रश्न : मुलीची खेळण्यातली गाडी. मोटर फिरते, चाके मध्येच थांबतात, टकटक आवाज येतो. पिनियन पांढरे, प्लॅस्टिकचे, ८ दात्यांचे. वरून चांगले दिसते. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ते फाटलेले आहे. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत, भोकापासून बाहेरपर्यंत, केसासारखी रेघ असेल. नखाने पिनियन पिळून पाहा, रेघ उघडेल. फाटल्यामुळे एक खाच रुंद होते आणि दर फेऱ्याला तिथे दाता आपटतो, तीच टकटक.

अशा गाड्यांत बहुधा ०.५ मॉड्यूल आणि २ मि.मी. शाफ्ट असतो. सुट्या भागांच्या दुकानात ‘८२ए’ मागा : ८ दाते, २ चा शाफ्ट, आणि ‘ए’ म्हणजे भोक किंचित लहान, दाबून बसणारे. ‘बी’ घेऊ नका, ते शाफ्टवर सैल फिरते. आधी जुने पिनियन मोजा, व्यास ५ मि.मी. किंवा किंचित जास्त भरला पाहिजे. पितळी मिळाले तर तेच घ्या.

बसवताना हातोडी नको. मोटरच्या मागच्या बाजूला शाफ्टचे टोक दिसते, ते व्हाइसच्या एका जबड्यावर टेकवा आणि दुसऱ्या जबड्याने पिनियन सरळ दाबत न्या. मागचे टोक न टेकवता दाबले तर शाफ्ट मागे सरकून मोटरच्या आतल्या ब्रशवर जोर येतो. पिनियन मोटरच्या तोंडाला घासू नये, मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट राहू द्या.